कोऱ्या फॉर्मवरची सही

ती गाडी मी इंजिनासाठी घेतली नव्हती. इंजिन चांगलं होतं, हे खरंच. बायकोला, सोसायटीतल्यांना, ऑफिसात, सगळीकडे मी तेच सांगत आलो. पण गाडी घेतली ती विकणारा माणूस बघून. हा माणूस कोऱ्या फॉर्मवर सही करून देईल आणि नंतर विचारायला येणार नाही, हे मला त्याच्या ओटीवर बसल्या बसल्या कळलं होतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. त्या सहीपायी पुढे काय झालं, तेही नाही.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मी बेलापूरला एका सरकारी कचेरीत होतो. नव्या शहरासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या गावांतली माणसं फायली घेऊन आमच्याकडे यायची. माझ्या टेबलावरची फाइल पुढे सरकायची तर तिच्यात एक पाकीट असायचं. मी मागत नसे. एवढी एक गोष्ट मी स्वतःला फार वेळा सांगितली. मागत नसे, पण फाइल उघडायचो, पाकीट खणात ढकलायचो आणि समोरच्या म्हाताऱ्याला "बसा ना, उभे का?" म्हणायचो. ते "बसा ना" आठवलं की अजून तोंड कडू होतं.

गाडी हवी होती ती आईच्या गुडघ्यांसाठी, असं मी म्हणत असे. आई वर्षातून दोनदा गावाहून येई. खरं कारण असं, की नवीन पनवेलला आमच्या बिल्डिंगखाली तीन गाड्या लागायला लागल्या होत्या, आणि रविवारी सकाळी ते तिघे बादल्या घेऊन गाड्या धुवायचे तेव्हा मी गॅलरीत पेपर तोंडापुढे धरून बसायचो. खांदेश्वरचं स्टेशन अजून व्हायचं होतं. ऑफिसला जायला बस, यायला बस. बसमधून उतरून त्या तीन गाड्यांच्या मधून घराकडे जाताना मला वाटायचं, सगळे माझ्या चपलांकडे बघतायत.

पंचेचाळीस हजारांच्या वर जाता येत नव्हतं. त्यातले निम्मे पगारातून साठलेले आणि पतपेढीचं कर्ज. उरलेले निम्मे कपाटात, बायकोच्या जुन्या साड्यांच्या घडीखाली. सरकारी नोकराने गाडी घेतली तर ऑफिसला कळवावं लागतं, पैसे कुठून आणले ते लिहावं लागतं. साड्यांखालच्या पैशांसाठी त्या अर्जात रकाना नव्हता. म्हणजे मला गाडी हवी होती, पण माझ्या नावावर नको होती.

हे काही मी शोधून काढलं नव्हतं. जुन्या गाड्यांच्या धंद्यात तेव्हा सर्रास चालायचं. मालक नाव बदलायच्या फॉर्मवर सही करून देई, घेणाऱ्याचं नाव, तारीख, सगळं कोरं. त्याला ओपन टीटी म्हणत. गाडी तीन हातांतून गेली तरी कागदावर मालक पहिलाच. विकताना "सिंगल ओनर" म्हणून दोन पैसे जास्त मिळत. दलाल तर छाती पुढे काढून सांगायचे, "नाव कशाला लावताय साहेब? गाडीचा भाव पडतो."

गाडी बघायला मी आमच्या ऑफिसच्या जीपच्या ड्रायव्हरला बरोबर न्यायचो. मराठवाड्यातले होते, पन्नाशीचे. सगळं ऑफिस त्यांना मामा म्हणे. मामांच्या खिशात रुमालात बांधलेलं एक लोहचुंबक असायचं, जुन्या स्पीकरमधून काढलेलं. ते गाडीच्या अंगावरून, दारांवरून, चाकांच्या वरच्या पत्र्यावरून हळूहळू फिरवायचे. जिथे चुंबक पकडायचं सोडून घरंगळायचं, तिथे पत्रा नसून पुट्टी भरलेली. मामा मालकाकडे बघून नुसतं हसत, आणि मालकाचा चेहरा उतरायचा.

तीन महिने आम्ही रविवारी हिंडलो. जुन्या गाड्यांचा बाजार म्हणजे काय घाण असते, ते मी तेव्हा पाहिलं. वाशीच्या एका दलालाकडे गाडीचं दार उघडलं तर उदबत्तीचा भपकारा. मामांनी मागचं पायपुसणं उचललं. खाली ओल, काळी बुरशी, आणि बुरशीत मेलेलं झुरळ पायावर पाय घेऊन. दलाल म्हणाला, "थोडा पानी गया था, बस." मामा म्हणाले, "थोडं? ह्याच्यात कोळंबी पाळली होती का?" दुसऱ्या एकाकडे इंजिन शांतपणे चालत होतं, आवाज नाही, धूर नाही. मामांनी तेलाची पट्टी बाहेर काढून बोटांनी चोळली. तेल मधासारखं. "दाट तेल घालून गप बसवलंय म्हाताऱ्याला. उद्या खोकायला लागंल." तिसऱ्या गाडीचं मीटर बत्तीस हजार किलोमीटर दाखवत होतं आणि ब्रेकच्या पेडलवरचं रबर झिजून पत्रा उघडा पडला होता. टायरना बूटपॉलिश लावलेलं. त्या दिवशी घरी आल्यावर मी साबणाने दोनदा हात धुतले. बायको म्हणाली, "गाडी बघायला गेला होतात की गटार साफ करायला?"

मी त्या दलालांना मनापासून शिव्या देत होतो. पुट्टी भरून, वरून रंग मारून माणसं गाड्या कशा विकू शकतात, असं मामांना बसमध्ये मोठ्याने सांगत होतो. आणि शर्टाच्या आतल्या खिशात साड्यांखालचे पैसे होते.

नेरूळला एक चांगली गाडी मिळाली होती. मामांनी चुंबक चारी बाजूंनी फिरवलं, खाली आडवे होऊन पाहिलं, उठून हात झटकले आणि म्हणाले, "घेऊन टाका." मालक बँकेतला माणूस. चहा देऊन म्हणाला, "सोमवारी दोघे मिळून आरटीओत जाऊ. नाव तुमचं लागल्याशिवाय मी चावी देणार नाही. माझा नियम आहे."

मी म्हटलं, "विचार करून कळवतो."

खाली आल्यावर मामा चक्रावले. "काय झालं साहेब?"

"रंग नाही आवडला."

"रंगाचं काय लोणचं घालायचंय? असली गाडी परत गावायची नाही."

मामांना वाटलं, साहेबांना पैसे कमी पडतायत आणि सांगायला लाज वाटते. रस्त्यात त्यांनीच हळूच सांगितलं, "उरणच्या मोऱ्याला एक चाचा हायेत. माझ्या वळखीचे. गाडी काढायची म्हणत होते. मी बोललो तर कमी करतील."

मोऱ्याच्या धक्क्यापासून थोडं आत, उतारावर त्यांचं कौलारू घर. चाचा तिथल्याच जुन्या मुसलमान कुटुंबातले. तीस वर्षं जहाजावर इंजिनरूममध्ये काढून परत आलेले. गाडी पांढरी, साधी, त्या काळी चार घरं सोडून दिसायची तशी, पण आतून एखाद्या देवघरासारखी. त्यांच्याकडे एक वही होती. तेल कधी बदललं, पट्टा कधी घातला, प्लग कधी साफ केले, सगळं तारीखवार. मामांनी चुंबक बाहेर काढलं आणि वही बघून परत खिशात ठेवलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

"साहेब, दुसऱ्या कोनाचा हात नाय लागला हिला," चाचा म्हणाले. "डोळ्यांत मोती आलाय, म्हनून देतो. पोरगी म्हनते, अब्बा, तुम्ही आता कोनाला तरी ठोकाल."

पोरगी दारात उभी होती. वीस-बावीसची असेल. हसली आणि आत जाऊन आमच्यासाठी तांदळाच्या भाकरी आणि तळलेली मांदेली घेऊन आली.

चाचांनी बावन्न सांगितले. मामा म्हणाले, "चाचा, आपला माणूस हाय. सरळ हाय." चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि पंचेचाळीसला तयार झाले. मी घासाघीसही केली नाही. तिथेच मी फॉर्म पुढे केले. म्हटलं, "ऑफिसातून परवानगी यायला थोडा वेळ लागेल. तुम्ही सही करून ठेवा, मी नाव लावून घेतो."

चाचांनी चष्मा शोधला. सापडला नाही. "कुठं करू सांगा." मी बोट ठेवलं, त्यांनी सही केली. चार ठिकाणी. मोठी, गोल अक्षरं, एकेक अक्षर थांबून थांबून. गाडी मिळाल्याचा, त्यांना पैसे पोचल्याचा एकही कागद मी त्यांना दिला नाही. त्यांनी मागितला नाही. वहीत त्यांनी तारीख टाकली आणि पुढे लिहिलं, "गाडी बेलापूरच्या साहेबांना दिली." माझं नाव विचारायचं त्यांना सुचलं नाही आणि मी सांगितलं नाही.

येताना मामा शेजारी बसले होते. दोनदा म्हणाले, "साहेब, पहिलं नाव लावून घ्या. म्हाताऱ्याला ताप नको."

"हो हो," मी म्हटलं.

आठ महिने गेले. फॉर्म कपाटात, साड्यांखाली, जिथे आधी पैसे होते तिथेच. मामा अधूनमधून विचारायचे. मी "चाललंय" म्हणायचो. रविवारी मीही खाली जाऊन गाडी धुवायला लागलो. चौथी बादली.

असाच एक रविवार. घरी साडू येणार होते. ताजं पापलेट आणतो म्हणून मी एकटाच सकाळी मोऱ्याच्या धक्क्यावर निघालो. खरं तर पनवेलच्या बाजारात मासे मिळत होते. पण "मोऱ्याहून आणले, गाडी काढली आणि गेलो," असं साडूंना सांगायचं होतं. जासईच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिठागरं. समोरून बंदराचा एक ट्रेलर दुसऱ्याला ओलांडत अंगावर आला. मी गाडी डावीकडे दाबली. डावीकडे सायकलवर एक माणूस होता. तो मला दिसला होता. दिसला नव्हता, असं मी नंतर कितीतरी वर्षं स्वतःशी म्हणून पाहिलं, पण दिसला होता. मागे फावडं बांधलेलं, डोक्याला टॉवेल. आवाज फार झाला नाही. डबा पडावा तेवढा.

आरशात पाहिलं तर सायकल आडवी, चाक फिरतंय, आणि तो माणूस बांधाच्या खाली चिखलात एका हाताने उठायचा प्रयत्न करतोय. दुसरा हात नको तिकडे वळलेला.

मी ब्रेकवर पाय ठेवला. गाडी जवळजवळ थांबली. आणि मला त्या माणसाची आठवण झाली नाही, कागदांची झाली. पोलीस विचारतील गाडी कुणाची. मग तुमच्याकडे कशी. मग पैसे कुठून. हे सगळं डोक्यातून जायला किती वेळ लागला असेल? तो माणूस चिखलातून माझ्याकडे बघत होता. मी पाय उचलला.

घाबरून पळालो, असं म्हटलं तर निदान माणसासारखं वाटेल. मी पळालो नाही. मी मोऱ्याला गेलो. धक्क्यावर कोळिणीशी भाव केला. दोन पापलेटं नको, तीन दे, आणि कोलंबी वर टाक म्हणून हुज्जत घातली. ती म्हणाली, "दादूस, गाडीतून येतंस न् कोलंबीचा वाटा फुकट मांगतंस?" मी हसलो. मला हसू आलं. परत येताना त्या रस्त्याने आलो नाही, लांबून फिरून आलो. दुपारी साडूंनी पापलेटाची तारीफ केली आणि मी दुसरा तुकडा वाढून घेतला. मासा घशाखाली उतरत होता. उतरत होता, याचीच मला आज सगळ्यात जास्त किळस येते.

गाडीच्या डाव्या दिव्याशेजारी पत्रा थोडा आत गेला होता. मी तिच्यावर ताडपत्री टाकली. सोसायटीत सांगितलं, बॅटरी गेलीय.

नवव्या की दहाव्या दिवशी चाचा ऑफिसात आले. बसने आले होते, अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात ती वही. मामाच त्यांना माझ्या टेबलाशी घेऊन आले आणि खुर्ची ओढून दिली. कुणीतरी गाडीचा नंबर टिपला होता. पोलीस मोऱ्याला त्यांच्या घरी गेले होते. एक अख्खा दिवस त्यांना उरणच्या ठाण्यात बाकावर बसवून ठेवलं होतं.

"साहेब," ते हळू आवाजात म्हणाले, जणू मलाच त्रास होऊ नये म्हणून, "मी त्यांना बोललो, गाडी इकलीय. ते म्हनतात, नाव तुमचं, गाडी तुमची. कोनाला इकली? तुमच्याबद्दल मी नाय बोललो. म्हटलं, साहेब सरकारी मानूस, आधी इचारावं. तुमच्याकडून असं नाय व्हायचं. कोनाला दिली होती का चालवायला?"

त्यांनी मला दार उघडून दिलं होतं. मी त्यातून बाहेर पडलो.

"चाचा," मी म्हटलं, "गाडी मी दीड महिन्यापूर्वीच विकली. पनवेलच्या एका दलालाला. फॉर्म त्याच्याकडेच दिले."

"कोन दलाल?"

"आता तो तिथे नाही. मीही शोधतोय."

मामा खुर्चीच्या मागे उभे होते. दोन आठवड्यांपूर्वी त्यांनी त्या गाडीची हवा भरून दिली होती. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. टेबलावरची फाइल उघडली, बंद केली. ते काहीच बोलले नाहीत. का बोलले नाहीत, हे मी त्यांना कधी विचारू शकलो नाही. त्यांची मुलगी आमच्याच खात्यात रोजंदारीवर होती आणि तिला कायम करायचा कागद माझ्या टेबलावर पडून होता, एवढं मात्र मला माहीत होतं.

चाचांनी वही उघडून ते पान पाहिलं. मग मिटली. "मग चूक माझीच," ते म्हणाले. "चष्मा नव्हता त्या दिशी. कागद वाचाया हवे होते." उठताना त्यांनी मला सलाम केला. "तुमाला फुकट ताप झाला."

ते गेल्यावर मामा दाराशी थांबले. "मी त्यांना म्हणलो होतो," एवढंच म्हणाले, "साहेब सरळ हाय." मग जीपकडे गेले. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मामा मला जीपने नेत, आणत, "चला साहेब" म्हणत. त्यापलीकडे एक शब्द नाही.

त्याच आठवड्यात मी खरोखरच एका दलालाला गाडी दिली. मागची तारीख घालून. त्याने पत्रा ठोकून, पुट्टी भरून, वरून रंग मारून ती घाटावर कुठेतरी पाठवली. "सिंगल ओनर आहे ना?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. चाचा दीड-दोन वर्षं तारखांना जात राहिले. मिठागरातल्या त्या माणसाच्या हाताच्या ऑपरेशनचा खर्च त्यांनी केला, त्याच्या घरी दर महिन्याला तांदूळ पोचवत राहिले. गाडी आपण चालवत नव्हतो हे ते सांगायचे, आणि लोक म्हणायचे, मोतीबिंदू झालेल्या माणसाने गाडी चालवलीच कशाला. मुलीने आधीच म्हटलं होतं ना, तुम्ही कोणाला तरी ठोकाल, म्हणून. ते वाक्य साऱ्या मोऱ्याला माहीत होतं. आता तिलाही वाटत असेल का, की अब्बांनीच ठोकलं आणि मान्य केलं नाही? हा प्रश्न मला इतर कशाहूनही जास्त छळतो. चाचा वारले ते मला वर्षभराने कळलं.

चार वर्षांपूर्वी मी जासईला गेलो होतो. काय करणार होतो, ठरवलं नव्हतं. रस्ता इतका रुंद झालाय की ती जागा ओळखू येईना. एका टपरीवर चहा घेतला आणि उगाच विचारल्यासारखं विचारलं, इथे मिठागरात एक जण होता, हाताला लागलं होतं त्याच्या. टपरीवाला म्हणाला, "तो न? हाय की. हात सरळ होत नाय त्याचा. मोऱ्याच्या चाचानं उरवला न् पलाला. मोठा नमाजी मानूस, पन थांबला नाय बग."

मी तिथे उभा होतो. चहाचा कप हातात होता. "चाचा नव्हता तो," हे चार शब्दही बोलायचे नव्हते, तीनच होते. मी कप ठेवला, सुटे पैसे दिले आणि रिक्षा केली.

आता माझी पन्नाशी उलटलीय. पाकिटं केव्हाच सुटली. बदली झाली तिथे मिळतच नव्हती, म्हणून सुटली. माझं त्यात काही नाही. लिहून झालं म्हणजे सांगून झालं, असंही मी मानत नाही. हे वाचणाऱ्यांतलं कुणी चाचांना ओळखत नाही.

चाचांची मुलगी मोऱ्यालाच असते, त्याच घरात. तिच्या वडलांनी त्या माणसाला ठोकलं नाही, गाडी मी चालवत होतो आणि मी थांबलो नाही, हे तिच्यासमोर उभं राहून तिला सांगणं, आणि मग तेच जासईला जाऊन त्या माणसाला सांगणं, एवढं माझ्याकडून राहिलेलं आहे.